बॉम्बे ब्लड ग्रुप, थॅलेसेमिया आणि आपले रिश्ते

(घाटकोपर येथे महाविद्यालयीन विद्यार्थी-विद्यार्थिनींसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. बारावीनंतर जीवशास्त्राचं पुस्तक मिटलं आणि इंजिनिअरिंगला गेलो. तरीही आज पेशी, गुणसूत्रं आणि जनुकं या विषयावर बोलायला उभा आहे, कारण शाळेतल्या या धड्याचा आपल्या घरातल्या एका मोठ्या निर्णयाशी थेट संबंध आहे. तो निर्णय म्हणजे लग्न. तुमच्यापैकी बहुतेकांचे रिश्ते पुढच्या सात-आठ वर्षांत ठरतील. बायोडेटात उंची येईल, शिक्षण येईल, पगार येईल, खानदान येईल. रक्ताबद्दल एक ओळही नसेल. ती ओळ का हवी आणि ती आधी कोणी लिहावी, एवढंच मला आज सांगायचं आहे.

सुरुवात आपल्याच शहरापासून करू. जगभरातल्या रक्तपेढ्यांमध्ये आपल्या शहराचं नाव एका रक्तगटामुळे घेतलं जातं. बॉम्बे ब्लड ग्रुप. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याची माहिती प्रसिद्ध केली. मुंबईत काही माणसांचं रक्त असं सापडलं, की ते वरवर ओ गटासारखं दिसायचं, पण ओ गटाच्या रक्ताशीसुद्धा जुळायचं नाही. आपण शिकलेलो असतो की ओ गटाच्या तांबड्या पेशी सगळ्यांना चालतात. या माणसांना त्याही चालत नाहीत. चुकून दिल्या तर जीव जाऊ शकतो. त्यांना रक्त लागलं तर त्याच गटाचा दाता शोधावा लागतो. भारतात असे लोक साधारण १० हजारांत १ आहेत असं मानलं जातं. युरोपात हेच प्रमाण १० लाखांत १ इतकं कमी सांगितलं जातं.

हे असं का होतं ते समजून घ्यायला आपल्याला पेशीच्या आत जावं लागेल. घाबरू नका, अवघड काही नाही.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक पेशींच्या आत एक केंद्रक असतं. केंद्रकात डीएनए असतो. एका पेशीतला सगळा डीएनए सरळ केला तर त्याची लांबी सुमारे दोन मीटर भरेल. हा डीएनए ४६ तुकड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो. त्या तुकड्यांना आपण गुणसूत्रं म्हणतो. ४६ म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र अम्मीकडून आलेलं असतं, एक अब्बांकडून.

डीएनए म्हणजे चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. एका संचात जवळपास ३०० कोटी अक्षरं असतात. या मजकुरात जागोजागी कामाचे परिच्छेद आहेत. त्यांना जनुकं म्हणतात. एक जनुक बहुधा एक प्रथिन कसं बनवायचं ते सांगतं. माणसात प्रथिनं बनवणारी सुमारे २० हजार जनुकं आहेत. केस, कातडी, रक्त, पचनाचा रस, या सगळ्यांची कामं शेवटी प्रथिनं करतात.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. गुणसूत्रं जोडीनं असतात, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या तुमच्याकडे दोन प्रती असतात. एक अम्मीची, एक अब्बांची. एका प्रतीत बिघाड असेल आणि दुसरी चांगली असेल, तर बहुतेक वेळा काम चालून जातं. आमच्याकडे दोन सर्व्हर असतात, एक बंद पडला तर दुसरा काम ओढतो आणि ग्राहकाला पत्ताही लागत नाही. तसंच. अशा बिघाडाला पुस्तकात अप्रभावी म्हणतात, आणि ज्याच्याकडे एक चांगली, एक बिघडलेली प्रत आहे त्याला वाहक म्हणतात. वाहक आजारी नसतो.

तुमच्या मुलाला तुम्ही दोन्ही प्रती देत नाही. दोनपैकी एकच देता, आणि कोणती जाईल हे नाणेफेकीसारखं आहे. नवरा-बायको दोघंही एकाच जनुकाचे वाहक असतील, तर चार शक्यता होतात. दोघांकडून चांगली प्रत आली, तर मूल पूर्ण निरोगी. एकाकडून चांगली, दुसऱ्याकडून बिघडलेली आली, तर मूल वाहक. हे दोन तऱ्हांनी घडू शकतं. आणि दोघांकडूनही बिघडलेली आली, तर मुलात तो दोष उघड दिसतो. म्हणजे प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के शक्यता. नाण्याला आठवण नसते. पहिलं मूल आजारी झालं म्हणून पुढची तिन्ही निरोगी होतील असा हिशेब नाही. पहिली तीन निरोगी झाली म्हणून चौथं आजारी होईल असंही नाही. दर वेळी नाणं नव्यानं उडतं.

आता बॉम्बे ब्लड ग्रुपकडे परत येऊ. तांबड्या पेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यातल्या पायाभूत रचनेला एच म्हणतात. ए गटाच्या माणसात या एचवर एक साखर जोडली जाते, बी गटात दुसरी, एबीमध्ये दोन्ही प्रकारच्या, आणि ओ गटात एच तसाच राहतो. एच बनवणारं जनुक वेगळं, १९ व्या गुणसूत्रावर आहे. ज्याच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात, त्याच्याकडे पायाच नसतो. वर ए किंवा बी लावणारं जनुक धडधाकट असलं तरी लावायचं कशावर? म्हणून साध्या तपासणीत हा माणूस ओ दिसतो. पण खऱ्या ओ गटाच्या पेशीवर एच असतो, आणि या माणसाचं शरीर एचलाच परकं समजून त्यावर हल्ला करतं.

याचा एक परिणाम बघा. शाळेत शिकवतात की आई किंवा वडील एबी असतील तर मूल ओ होऊ शकत नाही. साधारणपणे ते बरोबर आहे. पण आई-वडील दोघंही एचच्या बिघडलेल्या प्रतीचे वाहक असतील, तर एबी आईच्या पोटी ओ दिसणारं मूल जन्मू शकतं, आणि ते मूल त्या दोघांचंच असतं. रक्तगटाचा कागद हातात घेऊन कोणी बाईच्या चारित्र्यावर बोट ठेवत असेल, तर त्याला सांगा, या शहराच्या नावाचा एक रक्तगट आहे, आधी तो वाच.

अजून एक हिशेब. असे लोक १० हजारांत १ असतील, तर गणितानं वाहक साधारण ५० माणसांत १ निघतो. म्हणजे उघड दिसणारा एक आणि न दिसणारे दोनशे. या सभागृहातही असा एखादा वाहक असू शकतो. त्याला माहीत नाही, त्याच्या अम्मी-अब्बांना माहीत नाही, आणि त्यामुळे त्याचं काही बिघडलेलंही नाही.

बॉम्बे ब्लड ग्रुपचा माणूस रक्त लागेपर्यंत ठणठणीत असतो. पण हेच दोन प्रतींचं गणित एका दुसऱ्या जनुकाला लागू होतं तेव्हा घरं मोडकळीला येतात. तो आजार म्हणजे थॅलेसेमिया.

तांबडी पेशी विलक्षण असते. ती तयार होताना स्वतःचं केंद्रक बाहेर टाकून देते, म्हणजे जास्तीत जास्त जागा हिमोग्लोबिनला मिळावी. ती सुमारे १२० दिवस जगते. हाडांतल्या मज्जेत दर सेकंदाला वीस लाखांच्या आसपास नव्या पेशी तयार होत असतात. त्यांच्यातलं हिमोग्लोबिन फुप्फुसातून ऑक्सिजन घेतं आणि अंगभर पोचवतं. हिमोग्लोबिनचा एक रेणू चार साखळ्यांचा असतो, दोन अल्फा आणि दोन बीटा. बीटा साखळीचं जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे. त्यात अनेकदा एका अक्षराचा बिघाड असतो. ३०० कोटींतलं एक अक्षर. त्यामुळे बीटा साखळी कमी बनते किंवा अजिबात बनत नाही.

एक प्रत बिघडली तर त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. नावात आजार आहे, पण माणूस सहसा आजारी नसतो. हिमोग्लोबिन थोडं कमी असतं, इतकंच. अनेकदा अशा मुलीला वर्षानुवर्षं लोहाच्या गोळ्या देत राहतात आणि हिमोग्लोबिन काही वाढत नाही, कारण कमतरता लोहाची नसतेच. दोन्ही प्रती बिघडल्या तर थॅलेसेमिया मेजर. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्यात बीटा साखळी लागत नाही. म्हणून बाळ जन्मतः गुटगुटीत असतं. सगळे बघायला येतात, अकीका होतो. मग सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कधीतरी ते पांढरं पडू लागतं, दूध सोडतं, पोट फुगतं. तिथून पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. चढवलेल्या रक्तातलं लोह हृदयात आणि यकृतात साठतं, ते काढायला रोज औषध. बरं होण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे अस्थिमज्जेचं प्रत्यारोपण. त्यासाठी सख्ख्या भावाची किंवा बहिणीची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते.

भारतात थॅलेसेमियाचे वाहक सरासरी ३ ते ४ टक्के आहेत, आणि दरवर्षी १० हजारांहून जास्त बाळं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात असा अंदाज आहे. हा आजार कोणत्या एका धर्माचा नाही. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा समाजांत वाहकांचं प्रमाण सरासरीपेक्षा जास्त आढळतं. मुलुंड, घाटकोपरमध्ये राहणाऱ्यांना ही शेजारची नावं आहेत. जिथे लग्नं पिढ्यान् पिढ्या ठरावीक घरांतच होतात, तिथे एकच जुनी बिघडलेली प्रत पुन्हा पुन्हा समोरासमोर येते. जात, बिरादरी, खानदान, नाव काहीही द्या.

आता आपल्या घरातला प्रश्न. चुलत, मामे, आत्ये, मावस भावंडांतली लग्नं. आपल्याकडे ती होतात. महाराष्ट्रात अनेक हिंदू समाजांतही मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानतात, आणि दक्षिणेत मामा-भाचीची लग्नंही होत आली आहेत. म्हणून हा विषय निघाला की मान खाली घालायचं कारण नाही, आणि चिडायचंही नाही. हिशेब करू.

समजा २५ माणसांत १ वाहक आहे. नात्यात नसलेल्या दोघांचं लग्न झालं, तर दोघंही वाहक असण्याची शक्यता ६२५ मध्ये १. त्यांचं मूल मेजर होण्याची शक्यता त्याच्या चौथा हिस्सा, म्हणजे २,५०० मध्ये १. आता मुलगा-मुलगी सख्खी चुलत किंवा मावस भावंडं आहेत असं धरा. मुलगा वाहक असेल, तर नेमकी तीच प्रत मुलीकडेही असण्याची शक्यता ८ मध्ये १ असते, कारण दोघांचे दादा-दादी किंवा नाना-नानी एकच आहेत. ती प्रत मुलाच्या त्या बाजूच्या पालकाकडून आलेली असण्याची शक्यता निम्मी, त्या पालकाच्या भावंडाकडे ती असण्याची पुन्हा निम्मी, आणि त्या भावंडाकडून मुलीकडे उतरण्याची पुन्हा निम्मी. म्हणजे दोघंही वाहक असण्याची शक्यता किमान २०० मध्ये १, आणि मूल मेजर होण्याची किमान ८०० मध्ये १. तीनपटीहून जास्त.

या आकड्यांतून दोन गोष्टी दिसतात, दोन्ही खऱ्या आहेत. नात्यातल्या लग्नात धोका नक्की वाढतो. आणि नात्यातली बहुसंख्य जोडपी या आजारातून सुटतातही, म्हणून चाची म्हणते, 'आमच्या खानदानात तर कधी काही झालं नाही.' चाची खोटं बोलत नाही. तिनं चार घरं पाहिली आहेत, आठशे पाहिलेली नाहीत. शिवाय थॅलेसेमिया हा अशा अनेक आजारांपैकी एक आहे, ते सगळे मिळून धोका वाढवतात. आपल्या मजहबनं या नात्यांत निकाहची परवानगी दिली आहे, सक्ती केलेली नाही. परवानगी असलेली गोष्ट डोळे उघडे ठेवून करता येते. इराणमध्ये १९९७ पासून लग्नाआधी थॅलेसेमियाची तपासणी सक्तीची आहे, सौदी अरेबियात २००४ पासून. हे देश आपल्या दीनपासून दूर गेले असं कोणी म्हणत नाही.

आमच्या नात्यातल्या एका घरात असं मूल आहे. तीन आठवड्यांनी एकदा त्याची अम्मी रजा टाकते आणि त्याला रक्त चढवायला नेते. पहिली दोन वर्षं घरात एकच चर्चा होती, की सून आली आणि हे आलं. कोणी म्हणालं नजर लागली, कोणी म्हणालं हिनं गरोदरपणात नीट खाल्लं नाही. आता तुम्ही दोन प्रतींचं गणित शिकलात, तुम्हीच सांगा. हा आजार व्हायला एक प्रत बापाकडून यावीच लागते. निम्मा वाटा मोजून त्याचा आहे. आणि वाटा म्हटलं तरी गुन्हा कोणाचाच नाही, आपल्याला मिळालेली प्रत कोणी निवडून घेत नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोलणाऱ्यांनाही हाच धडा दाखवा. आईकडे दोन्ही एक्स गुणसूत्रं असतात. वाय येतं ते बापाकडूनच, आणि तेही त्याच्या हातात नसतं.

मग करायचं काय? एक रक्ततपासणी. आधी साधी सीबीसी करतात. तांबड्या पेशी आकारानं लहान दिसल्या तर संशय येतो. पक्कं निदान करायला एचपीएलसी नावाची तपासणी असते, तिच्यात हिमोग्लोबिन ए-टू किती आहे ते पाहतात. ते साधारण साडेतीन-चार टक्क्यांच्या वर असेल तर माणूस मायनर असतो. सिकलसेलसारखे हिमोग्लोबिनचे दुसरे बिघाडही याच तपासणीत कळतात. सिकलसेल आपल्या विदर्भात, गडचिरोलीच्या बाजूला, बराच आढळतो. रिपोर्ट स्वतः वाचू नका, डॉक्टरांना दाखवा. अंगात लोह कमी असेल तर आकडा फसवू शकतो. तपासणी आयुष्यात एकदाच पुरते, कारण जनुकं बदलत नाहीत.

ती कधी करायची? साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात नव्हे. तेव्हा हॉल ठरलेला असतो, कपडे शिवायला गेलेले असतात, रिपोर्ट उघडायलाही कोणी तयार नसतं. आत्ता करा, कॉलेजात असताना, कोणाचंही नाव तुमच्या नावाशी जोडलेलं नसताना. आत्ता ती फक्त तुमच्या तब्येतीची माहिती आहे.

आणि आधी कोणी करायची? मुलांनी. आपल्याकडे काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तपासणीची गोष्ट निघाली की रिपोर्ट मुलीचा मागतात. तिचा मायनर निघाला की दहा घरांत बातमी पोचते, 'लडकी में कुछ है.' मुलाचा कोणी मागत नाही. आता विज्ञान काय सांगतं बघा. मेजर व्हायला दोन्हीकडून बिघडलेली प्रत लागते. मुलगा वाहक नाही हे पक्कं झालं, तर मुलगी मायनर असो वा नसो, त्यांच्या मुलांना थॅलेसेमिया मेजरचा धोका जवळजवळ उरत नाही. फार थोडे अपवाद असतात, ते डॉक्टर पाहतील. म्हणजे मुलानं आपला रिपोर्ट आधी टेबलावर ठेवला आणि तो स्वच्छ निघाला, तर मुलीला कोणी काही विचारायची गरजच नाही. मुलग्यांनो, एका सुईची गोष्ट आहे.

मुलगा मायनर निघाला तरी आभाळ कोसळत नाही. त्यानं आणि त्याच्या घरच्यांनी ते सरळ सांगावं आणि मुलीची तपासणी गुपचूप, इज्जतीनं व्हावी. तिची प्रत चांगली असेल तर बिनधास्त निकाह करा. दोघंही मायनर निघाले, तर दोन रस्ते आहेत. रिश्ता पक्का झालेला नसेल तर थांबून विचार करता येतो. लग्न करायचंच असेल, किंवा झालेलं असेल, तर गरोदर राहण्याआधीच जनुकांच्या सल्लागार डॉक्टरांना भेटा. गर्भाची तपासणी साधारण १० ते १२ आठवड्यांत करता येते. पुढचा निर्णय त्या दोघांचा आहे, सासूचा नाही आणि मोहल्ल्याचा तर नाहीच.

ही सोय दूर नाही. परळला के. ई. एम. रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची रक्तविकारांवर काम करणारी संस्था आहे. बोरिवली पूर्वेला महापालिकेचं केंद्र आहे, तिथे थॅलेसेमियाच्या मुलांवर उपचार होतात आणि मज्जेचं प्रत्यारोपणही होतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना हे आवर्जून सांगा, अनेकांना माहीत नसतं. आणि तुम्ही निरोगी असाल तर रक्तदान करा. या मुलांच्या अंगात दर महिन्याला कोणाचं तरी रक्त जातं, आणि पिशवीवर दात्याची जात किंवा धर्म लिहिलेला नसतो.

शेवटी कामाचं. इथून गेल्यावर घरी सगळ्यांना पेशीचा धडा शिकवत बसू नका. आपल्या डॉक्टरांकडे जा आणि म्हणा, सीबीसी आणि एचपीएलसी लिहून द्या. रिपोर्ट आला की दहावीच्या मार्कशीटसोबत फाइलला लावा. रिश्त्याची बोलणी सुरू होतील तेव्हा बायोडेटात एक ओळ वाढवा: थॅलेसेमिया तपासणी झालेली आहे. ती ओळ मुलाच्या बायोडेटात आधी दिसली पाहिजे.

आता प्रश्न विचारा, उत्तर येत नसेल तर डॉक्टरांना विचारून सांगेन.